पाचवा बटाटा

तळ्यावरचं घर,
१२ जून

प्रिय मार्या,

आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं धरून चालते, कारण वर्तमानपत्रातल्या फोटोत तुझे गाल चांगले वर आलेत. कोट मात्र खांद्यात आवळतोय. एवढ्या मोठ्या संघाची साहेब झालीस, शिंप्याकडे जायला काय झालं?

मी बरी आहे. डासांनी यंदा उच्छाद मांडलाय. छपराचा पत्रा उडाला होता, तो शेजारच्या एइनोने ठोकून दिला. नवा खुबा बसवल्यापासून तो शिडीवर पोरासारखा चढतो आणि उतरताना शिव्या घालतो. मासा मिळतोय, कालच सार केलं होतं. पत्र लिहितेय कारण फोन टेकडीवर गेल्याशिवाय लागत नाही, आणि तिथे मी बोलले की सगळ्या तळ्याला ऐकू जातं. मी चौथीत शाळा सोडलेली बाई, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

मला एक विचारायचं होतं. तू नक्की काय काम करतेस गं?

हसू नकोस. दुकानात बायका विचारतात, "तुझी थोरली नात अजून खेळते का?" मी म्हणते, नाही, आता ती खेळणाऱ्यांना ठेवते आणि काढते. "म्हणजे दिवसभर करते काय?" मी म्हणते, फोनवर बोलते. त्यापुढे मलाही माहीत नाही. तू खेळायचीस तेव्हा कळायचं. बर्फावरच्या हॉकीत तू मंद होतीस, पण कोण कुठे चुकलं ते घरी येऊन बरोबर सांगायचीस. मग कॉलेजात संघाचे घामट कपडे धुतलेस, बाटल्या भरल्यास. नंतर अंधाऱ्या खोलीत सामन्यांची चित्रं पुढे-मागे करत डोळे घालवलेस. मग ट्रक घेऊन गावोगावच्या पोरी बघत हिंडलीस. त्यातल्या एका फेरीला मला घेऊन गेली होतीस, आठवतं का? त्या थंडगार रिंकमध्ये मी कॉफीचा थर्मास मांडीवर धरून बसले होते. सगळे लोक ती रबराची चकती जाईल तिकडे माना वळवत होते, आणि तू एकटीच भलतीकडे बघत होतीस. मी विचारलं, काय बघतेस? तू म्हणालीस, "आजी, चकती हातातून गेल्यावर पोरगी काय करते ते बघते."

ते मला पटलं होतं. नवरा निवडतानाही मी तसंच बघितलं असतं, पण आमच्या वेळी एवढा वेळ देत नसत.

तर आता मला हे कळायला हवंय की, तू जे बघतेस ते तोलतेस कसं? एइनोला विचारलं. तो हॉकीतलं सगळं कळतं असं समजतो. त्याने माझ्याच टोपलीतले बटाटे टेबलावर ओतले आणि वाडगा मागितला.

"हे बघ हेल्वी, हा मार्याचा संघ. यंदा लीगमध्ये दोन नवे संघ आले. त्यांना खेळाडू कुठून मिळणार? तर प्रत्येक जुन्या संघाने चार जणी झाकायच्या." त्याने चार बटाटे वाडग्याखाली घातले. "उरलेल्या उघड्यावर. नव्यांनी यायचं, हवी ती उचलायची."

"आणि झाकलेल्या चार कोण ठरवतं?"

"तुझी नात."

"आणि उघड्यावर पडलेल्याला काय वाटतं?"

"बटाट्याला काय वाटायचंय," म्हणाला, आणि मग त्याने दाराकडे बघितलं.

दाराकडे का बघितलं ते सांगते. आमच्याकडे हल्ली अंडी पुरत नाहीत. कॉफीचा डबा भराभर उतरतो. तीन हिवाळे पुरतील एवढं जळण फोडून रचलंय, आणि ते काही मी फोडलेलं नाही. एइनोने तर नाहीच.

तुझी धाकटी बहीण रीका इथे आहे. नव्या संघाने तिला उचललं त्याच आठवड्यात आली. तिने मला बजावलंय, मार्याला सांगायचं नाही. मी कुठे सांगतेय. लिहितेय.

तिचे स्केट्स कोठारात खिळ्याला टांगलेत. महिनाअखेरीपर्यंत तिने त्या पश्चिमेच्या समुद्राकाठच्या संघाला येते की नाही ते कळवायचंय. नाही म्हणाली तर खेळ संपला. इथल्या खिळे-हातोड्यांच्या दुकानवाल्याने तिला गल्ल्यावर बसायचं काम देऊ केलंय आणि ती त्याच्यावर विचार करतेय. रीका आणि खिळे मोजणं. तिला नीट बारापर्यंत मोजायचा कंटाळा येतो.

तू तिला फोन केला होतास म्हणे. "संघाच्या वतीने तुझे मनापासून आभार," असं म्हणालीस. मला उत्सुकता आहे, हे वाक्य तू सगळ्यांनाच म्हणतेस, की बहिणीसाठी निराळं शिवून घेतलं होतंस?

ती माझ्याकडे रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "आजी, माझा खेळ कमी पडला असेल तर मी तिकडे जाऊन दाखवीन. पण मला ठेवली असती तर लोक म्हणाले असते की बहिणीला झाकली. त्या भीतीने टाकली असेल, तर मी कुठे जाऊन कुणाला काय दाखवू?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे. म्हणून तुला विचारते. चार तू झाकल्यास. रीका त्यांच्यानंतरची पाचवी होती, की नववी, की मुळात झाकलेल्या चारांतली होती आणि तू तिला हाताने बाहेर काढलीस? मला कारणं नकोत. आकडा लिही. खरा लिही. मी तुला लंगोटात पाहिलंय, खोटा लिहिलास तर कागदावरूनच कळेल.

डास चावतायत, आवरतं घेते. एइनो ट्रक घेऊन पोस्टाकडे निघालाय आणि हॉर्न वाजवतोय.

तुझी,
आजी


तळ्यावरचं घर,
२८ जून

प्रिय मार्या,

पत्र मिळालं. संघाचं चिन्ह छापलेला केवढा जाड कागद! चुलीत घातला तर कॉफी होईल. तरी राग मानू नकोस, मी जपून ठेवलाय.

तुझं काम आता मला थोडं कळलं. म्हणजे तू फोनवरच बोलतेस, पण बहुतेक वेळा 'नाही' म्हणायला. दुकानात तसं सांगितलं. बायका म्हणाल्या, मग ते आम्हीही करतो, आम्हाला कुणी पगार देत नाही.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, सहावी. गुडघा दुखावल्यापासून रीका डावीकडे वळताना अर्ध्या पावलाचा उशीर करते, आणि तिच्या लगेच पुढच्या दोघी करत नाहीत. मी कागद घेऊन कोठाराकडे गेले. ती लाकडावर बसून सफरचंद खात होती.

"मार्याचं पत्र आलंय."

"तू सांगितलंस तिला."

"लिहिलं. वाच."

तिने वाचलं. सफरचंद चावायचं थांबलं.

"सहावी? पाचवी कोण मग?"

"मला काय विचारतेस, मी काय साहेब आहे?"

"ती उंच क्लोई असणार. आजी, क्लोई उलटी घसरताना झाडासारखी पडते."

"पण डावीकडे वळते ना?"

यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते तू बघायला हवं होतंस. एवढी चिडलेली मी तिला सगळ्या महिन्यात पाहिली नव्हती. महिनाभर ती नुसती सभ्य होती, मला त्याचीच धास्ती होती. कागदाची घडी घालताना मात्र तिला खालचं भोक दिसलं.

"इथे काय होतं? कात्रीने कापलंय."

"तुझ्या बहिणीने शिंप्याबद्दल लिहिलं होतं."

"खोटं बोलतेस."

"हो," म्हटलं, आणि घरात आले.

कापलं ते मीच, पोरी. तू लिहिलं होतंस की तिला चौथी करता येते का ते तू तीनदा मांडून पाहिलंस, मध्ये एकदा तर जमवलंसही, आणि मग सगळं पुसून पुन्हा सहावीवर आलीस. ती ओळ मी चष्मा पुसून दोनदा वाचली. माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं. पण ते तिला दिलं असतं तर तिला तुझी दया आली असती, मग स्वतःची, आणि ती इथेच बसून माझी अंडी संपवत राहिली असती. आकडा दिला, तर ती त्याच दुपारी टेकडीवर गेली आणि त्या समुद्रवाल्यांना फोनवर म्हणाली, "येते." तळ्याला ऐकू गेलं. एइनोने होडीतून टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून कोठाराची डावी भिंत खिळखिळी झालीय. चकत्या मारतेय. रोज सकाळी तळ्याभोवती पळते, आणि वळण फक्त डावीकडेच घेते. फळ्यांचा खर्च कोण देणार ते तुम्ही दोघी आपसात बघा. म्हणजे एकदा तरी बोलाल.

तिने तुला निरोप दिलाय. शब्द सभ्य नव्हते, मतलब असा की पहिल्या सामन्यात क्लोईला जपून ठेव.

तुमचे संघ समोरासमोर येतील तेव्हा मला तिकीट पाठव. तुझ्या त्या काचेच्या खोलीत नको, तिथे तू नखं खात बसणार. बरोबर मधल्या रेषेवर दे, म्हणजे दोन्हीकडे ओरडता येईल. आणि तुझ्या पोरींना सांगून ठेव, रीकाला नीट अडवा. हळू अडवलंत तर तिला लगेच कळेल, आणि मलाही.

कापलेली ओळ कॉफीच्या डब्यात ठेवलीय. ज्या दिवशी रीका तुझ्या संघावर गोल करेल, त्या दिवशी ती तिच्या हातात देईन. तोवर कागदाला कॉफीचा वास लागला तर लागला.

कोट सैल करून घे.

तुम्हा दोघींची, कुठल्याही वाडग्याखाली न मावणारी,
आजी हेल्वी