झाडूच्या दांड्यातली पत्रं

२ जुलै १९५७

ठरलं एकदाचं. पंधरा ऑगस्टला मंडळाचं नाटक मी लिहिणार, आणि मुख्य कामही मीच करणार. यंदा सत्तावनच्या बंडाला शंभर वर्षं, बेचाळीसच्या चळवळीला पंधरा, म्हणून ऐतिहासिक नाटक हवंच होतं. सगळ्यांना मुकुट आणि तलवारी पाहिजे होत्या. अध्यक्ष खुशालरावांनी तर भाड्याच्या दाढ्यांची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. मी म्हटलं, तुरुंगात झाडू मारणाऱ्या बाईचं नाटक करू. मग खुशालराव म्हणाले, "चारूबाई, लोकं झाडूवालीले पाहाले येतीन काय?" मी म्हटलं, येतील. आले नाहीत तर पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं मुकुट घालीन.

गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. बेचाळीसात बाबा तुरुंगात होते. त्यांची पत्रं पार्बता मेहतरीण बाहेर आणायची. आमच्या मागच्या दाराच्या दगडावर पत्र ठेवायची आणि दूर जाऊन उभी राहायची. मी अकरा वर्षांची. तांब्या घेऊन यायचं, पत्रावर पाणी शिंपडायचं, मग उचलून आईला द्यायचं, हे माझं काम. आई ते चुलीच्या वैलावर वाळवायची आणि वाचायची. चळवळीत माझाही हात होता, असं मी पुढे मैत्रिणींना ऐटीत सांगत असे.

शेवट मात्र वाईट आहे. त्याचा विचार नंतर करू.

७ जुलै

आज मेहतर वस्तीत गेले. बाबांना सांगितलं, बाजारात जाते.

पार्बताबाई दारात बसून तुराट्या निवडत होती. साठीची असेल. मला ओळखलं, पण उठली नाही. "मोरोपंत वकिलाची पोर ना तू? काऊन आली?" मी नाटकाचं सांगितलं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि घरातून जुना झाडू आणला. दांडा बांबूचा, आतून पोकळ. टोकाला मेणाचं बूच. बूच काढून तिनं बोट आत घालून दाखवलं. "अठ्ठावीस कागद आनले ह्यातून. एकाचाबी कोपरा दुमडला नाई."

मी विचारलं, झडती नाही घेतली कोणी?

"घेत जाय ना! शिपायाची, दूधवाल्याची, भटाची. मी आली का जमादार धोतर आवरून बाजूले सरके. म्हने, दूर हो, दूर हो. मी होत जाय दूर. दूर होता होता फाटकाच्या भायेर!"

आणि हसली. मला हसू येईना. ज्या शिवाशिवीनं हिला जन्मभर तुडवलं, तीच हिनं ढालीसारखी पुढे धरली. पकडली असती तर फटके, तुरुंग, पोटाची भाकर गेली असती. बाबांनी तुरुंगवास भोगला, त्याचा निदान मान तरी मिळाला. हिला काय? मी पोरींना इतिहास शिकवते, त्यात कितीतरी किल्ले येतात. हा दांडा येत नाही.

येताना नकळत तिला 'तुम्ही' म्हणाले. ती म्हणाली, "तूच मन. तुमी मनलं का मले वाट्टे, मांगं कोनी उभं हाय."

मी 'तुम्ही'च म्हणणार.

९ जुलै

दोन अंक एका बैठकीत झाले. पोकळ दांडा असलेला झाडू आमच्या गड्याकडून करून घेतला. कशाला, ते त्याला कळेना.

१४ जुलै

तिसऱ्या अंकाशी अडले आहे.

झालं होतं ते असं. बाबांकडे वकिली शिकणारा देवीदास, चोवीस वर्षांचा, तारा तोडल्याबद्दल फरारी होता. वलगावात लपला होता. ही गोष्ट आमच्या घराला ठाऊक, आणि त्याला एकदा भाकरी पोचवल्यामुळे पार्बताबाईंना ठाऊक. पोलिसांना वलगावचा सुगावा लागल्याचं बाबांना तुरुंगात कळलं. त्यांनी लगेच लिहून पाठवलं की देवीदासला आजच्या आज हलवा. ते पत्र आलं तेव्हा नुसता निळा चिखल झाला होता. आईला एक अक्षर लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वलगावला वेढा पडला. देवीदास त्याच हिवाळ्यात तुरुंगात तापानं गेला.

"पत्र भिजून आलं," असं आई मरेपर्यंत म्हणत होती. बाबा म्हणतात, भिजून आलं नाही, भिजवून आणलं. पोलिसांनी पार्बताला फोडली. आधीची सत्तावीसच्या सत्तावीस कोरडी आली आणि नेमकं हेच कसं भिजलं?

खुशालराव खुशीत आहेत. "फितुरीबिना नाटक म्हंजे बिनमिठाची भाजी. शेवटी तिले रडव चांगली, टाळ्याच टाळ्या!" नाव बदलू म्हणतात. नाव बदलून काय होतं? सगळ्या अमरावतीला कळेल कोण ती.

संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी बेबीताई उभी होती, पार्बताबाईंची मुलगी. एकोणीस वर्षांची, आईसारखीच ताठ. म्हणाली, "अकोल्याची सोयरीक मोडली माही, फितुराची पोर मनून. आता अकोटचे लोकं हो मनून राहिले. पंधरा ऑगस्टले ते इथंच हायेत. तुमचं नाटक पाहून ते परत गेले तं मले तिसरं घर कोन पाहीन?" मी तिला म्हटलं, मी अजून काही लिहिलेलं नाही.

खरं होतं ते, पण अर्धंच. मनात लिहून झालं होतं.

२१ जुलै

लिहिला तिसरा अंक. फितुरी आहे. टाळीचं वाक्य साधलं. जेवण गेलं नाही.

४ ऑगस्ट

जसं झालं तसं लिहिते.

आज रंगीत तालीम. मी पार्बता. आमच्या शाळेतली कुंदा तांब्यावाली मुलगी, म्हणजे अकरा वर्षांची मी. पहिल्या अंकात मी दगडावर पत्र ठेवते आणि मागे सरते, कुंदा पाणी शिंपडते. ती रिकामा तांब्या हलवायची. मी चिडले. म्हटलं, हे काय पोरकट? खरं पाणी घे. आणि असे चार थेंब नाही, पूर्ण ओंजळ, पत्र बाटलं आहे ना! दोन्ही बाजूंनी भिजव, एकही कोपरा कोरडा राहता कामा नये. मी स्वतः करत होते, मला ठाऊक आहे!

तिनं ओंजळभर पाणी टाकलं. मी पत्र उचलून प्रेक्षकांकडे धरलं.

पत्र मीच काल टाकानं, शाईत लिहिलं होतं. अक्षरं खाली ओघळत होती. माझ्या मनगटावर निळं पाणी आलं.

खुशालराव म्हणाले, "काय झालं, वाक्य इसरल्या काय?" मी म्हटलं, हो. तालीम तिथंच थांबवली.

पण मग आधीची सत्तावीस? त्यांवरही मी पाणी टाकलंच होतं. ती तर वाचता येत होती.

५ ऑगस्ट

सकाळी बाबांना विचारलं. ते पूजेला बसले होते, तरी थांबले नाही.

"तुरुंगातून कशानं लिहीत होता?"

"पेन्सिलीनं. चोरून ठेवलेला एवढासा तुकडा होता."

"आणि शेवटचं?"

ते आठवू लागले. "शेवटचं शाईनं. पेन्सिल झडतीत गेली होती. कैद्यांचे अर्ज लिहायला कचेरीत बसवायचे, तिथली शाई. तिला बजावलंही होतं मी, पाण्यापासून जप म्हणून. काय उपयोग झाला?"

मी म्हटलं, "बाबा, तिनं जपलं. पाणी आपल्या दारात पडलं. मी टाकलं."

बाबांच्या हातात पळी होती. ती तशीच राहिली. म्हणाले, "छे. ते पाणी नव्हे. ते नुसतं शिंपडणं."

हेच आहे! आमच्या घरी कोणी खोटं बोललं नाही. आई नाही, बाबा नाही. पत्र दर वेळी भिजायचं, दर वेळी वैलावर वाळायचं, आणि ते पाणी आहे असं पंधरा वर्षांत कोणाच्या ध्यानीमनी आलं नाही. आणि भिजवल्याचा आळ कोणावर, तर जिच्या दांड्याला मेणाचं बूच होतं तिच्यावर.

६ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर सरळ वस्तीत गेले. या वेळी बाबांना सांगून गेले.

पार्बताबाईंच्या पाया पडले. त्यांनी पाय ओढून घेतले. सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनाले सांगू? तुह्या मायनं दार लावून घेतलं. दारावर थाप मारता येत नोती मले, दार बाटलं असतं. रस्त्यात बोंबलली असती तं वकिलाकडं पत्रं येतात हे पोलिसाले समजलं असतं. मंग तुह्या मायलेबी नेलं असतं. सवराज्य आल्यावर सांगाव मनलं. पन तवा कोनी इचारलंच नाई."

म्हणजे फितूर म्हणवून घेतलं आणि आमचंच घर राखलं. याहून मोठी देशभक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. मला रडू आवरेना. त्यांना ते आवडलं नसावं.

"त्या दिवशी मी मनलं होतं, पानी नको टाकू बाई, शाईचा कागद हाय. दुरून मनलं. तू लहान होती, तुले आयकू आलं नसन."

मला काहीच आठवत नाही. तसं सांगितलं. मग म्हणाले, तिसरा अंक फाडते, तुमच्यावर नवा लिहिते, सगळ्या गावासमोर तुमचा जयजयकार होईल.

"मले नको दाखवू," त्या म्हणाल्या. "तांब्या दाखव."

१० ऑगस्ट

नवा तिसरा अंक झाला. पार्बताचं काम मी सोडलं. ते बेबीताई करणार. तिला शिकवावं लागत नाही, उलट झाडू कसा धरायचा ते तिनंच आम्हाला शिकवलं. बायकांच्या रंगपटात तिला घेण्यावरून कुरकुर झाली. मी म्हटलं, मग मी तिच्याबरोबर बाहेर ओट्यावर रंगते. ओट्यावरच रंगणार आहोत. अकोटच्या पाहुण्यांनी मुलीनं नाटकात उभं राहायला हरकत घेतली नाही. उलट, आईवरचा डाग सगळ्यांसमोर धुतला जाणार असेल तर होऊ द्या म्हणाले.

खुशालरावांनी नवा अंक वाचला, डोकं खाजवलं. "फितूर कोनीच नाई मंग? लोकं कोनाले शिव्या देतीन?" मी म्हटलं, देतील कोणाला तरी. ते म्हणाले, "वकीलसाहेबाले त्याच दिवशी शाल द्याची हाय, बाप्पा!"

बाबांना वाचून दाखवलं. आपलं घर आहे, आई हयात नाही, पंधरा वर्षांनी उकरून काय मिळवणार, असं बरंच बोलले. मी म्हटलं, बेबीचं लग्न. ते उठून गेले. जेवताना म्हणाले, "शाल नाटकाच्या आधी नको. नंतर कोणाला द्यायची ते लोक ठरवतील."

बाबांचा मला अभिमान वाटला. पुष्कळ दिवसांनी.

१४ ऑगस्ट

कुंदाला ताप. तांब्यावाली मुलगी नाही. सव्वीस वर्षांची घोडी परकर नेसून मीच उभी राहणार.

१५ ऑगस्ट

झालं नाटक. मैदान भरलं होतं. शाल बाबांनी स्वतः पार्बताबाईंच्या खांद्यावर घातली. अकोटची मंडळी पुढच्याच रांगेत होती, लग्नाची तिथी धरूनच गेली.

पण लिहायचं ते वेगळं आहे. बेबी दगडापासून मागे सरली आणि दुरून म्हणाली, "पानी नको टाकू बाई, शाईचा कागद हाय." माझा हात अडला. लोकांना तो अभिनय वाटला, टाळ्या पडल्या.

पार्बताबाई, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. हिनं मला सांगायचं? असं मनात म्हणून मी तांब्या पुन्हा भरून आणला होता.