श्यामल लॉन्सवर जग येणार

१२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. आपल्या हातून जे घडतं ते नोंदलेलं असावं. पुढे कोणी विचारलं तर आठवत बसायला नको.
मुंबईहून दिनेश नावाचे गृहस्थ आले. कडक सूट, दोन मोबाइल. 'मिस सेव्हन सीज इंटरनॅशनल' ही जागतिक सौंदर्यस्पर्धा यंदा भारतात. जयपूर मागे लागलंय, गोवा मागे लागलंय, पण व्हाइब फक्त नाशिकला आहे, म्हणाले. बत्तीस देश. हॉल आपण द्यायचा, मान कायमचा. नाशिकला समुद्र नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. गंगापूर धरण चालेल, म्हणाले.
सव्वीस वर्षं हे लॉन्स चालवतोय. जग आज ना उद्या येणारच होतं.
तारीख ५ डिसेंबर. होकार दिला.

१३ सप्टेंबर
श्यामला (सौ.) चहा ठेवताना म्हणाली, पाच तारखेला हॉल बुक आहे. कोणाचं लग्न, विचारलं. म्हणाली, सईचं.
सई आमची मुलगी. एकुलती.
रजिस्टर उघडून दाखवलं. नोंद नाही. घरच्यांनी बुकिंग करायचं नाही आणि मग तोंड पाडायचं, याला अर्थ नाही. तरी विषय प्रोफेशनली हाताळायचं ठरवलं.

१७ सप्टेंबर
गुरुजींना विचारलं. पाचनंतरचा मुहूर्त थेट फेब्रुवारीत. तनय (होणारे जावई) जानेवारीत जर्मनीला चाललेत. दिनेशजींना विचारलं. ते म्हणाले, बत्तीस देशांची विमानं वळवू का?
एकीकडे बत्तीस देश, दुसरीकडे नामपूर. (जावई नामपूरचे.)
सईला सांगितलं. वाटलं, रडेल. मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली, बरं बाबा. मलाही काही वाटलं नाही. मॅच्युअर घर आहे.

२१ सप्टेंबर
व्याह्यांचा, गोरक्षनानांचा फोन. कांद्याचे व्यापारी. "आमनं खळं मोठं शे, लगीन आठेच करू." म्हणजे लग्न नामपूरलाच, त्यांच्या खळ्यावर. प्रश्न मिटला. मी उगाच चार दिवस अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होतो.
लग्न दुपारी १२.४०, स्पर्धा संध्याकाळी ७. नामपूर अडीच तास. अक्षता टाकून, कन्यादान करून, वरण-भात खाऊन पाचला परत. चार्ट करून फ्रिजवर लावला.

१८ ऑक्टोबर
देश एकोणीस. व्हिसाची भानगड. दिनेशजी म्हणतात, गर्दी कमी झाली की क्वालिटी वाढते.
गेटवर फ्लेक्स लागला. माप थोडं चुकलं, त्यामुळे 'श्यामल लॉन्स' ही अक्षरं पूर्ण झाकली गेली. श्यामला भाजी घेऊन येत होती. थांबली, वर बघितलं, आत गेली. आवडला असावा.

९ नोव्हेंबर
स्टाफ ट्रेनिंग. भागीबाई वीस वर्षं दारात अत्तर-अक्षता देतात, हरसूलच्या. त्यांना समजावलं की रॅम्प म्हणजे नवरी येते ती वाट, फक्त पुढे नवरा नसतो. त्यांनी विचारलं, मग पोरी करतात काय? म्हटलं, चालत येतात, वळतात, परत जातात. "मंग एवढ्या लांबून कशाला येत्यात?"
ट्रेनिंग इथे आटोपतं घेतलं.

२२ नोव्हेंबर
देश सहा. याला 'बुटीक' म्हणतात, हे आज कळलं.
धरणावरची पोहण्याच्या पोशाखाची फेरी रद्द. थंडी.
सईने पत्रिका दाखवली. निमंत्रक म्हणून माझं नाव आहे, स्थळ म्हणून नानांचं खळं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच घरच्या पत्रिकेत स्थळ म्हणून माझं लॉन्स नाही. फॉन्ट चांगला आहे, म्हणालो.

३ डिसेंबर
श्यामला, सई आणि जयराम (मेहुणा) नामपूरला गेले. श्यामलाने डब्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा घेतली, सईला द्यायला. गाडीत बसताना विचारलं, "कन्यादानाला येताय ना?" म्हटलं, चार्ट बघ. ती म्हणाली, तो फ्रिजवर आहे.
घर शांत. कामाला बरं.

४ डिसेंबर
दिनेशजींचा फोन. तिघी स्पर्धकांची उद्या संध्याकाळी मुंबईहून विमानं, तेव्हा स्पर्धा सकाळी ११ला.
फ्रिजवरून चार्ट काढला.
जयरामला फोन केला. मामाने कन्यादान केलेलं शास्त्राला चालतं ना?  तो म्हणाला, "चालतं दाजी. शास्त्राला चालतं."
म्हणजे अडचण नाही. रात्री खुर्च्या दोनदा मोजल्या.

५ डिसेंबर, दुपारी २
झाली. थोडक्यात लिहितो, निघायचंय.
देश चार. त्यातली मिस लाटव्हिया दोन वर्षं त्र्यंबकला राहून योग शिकवते. गेटवर रिक्षावाल्याला "लय सांगतोस भाऊ" म्हणत होती.
मला जांभळी सॅश मिळाली. सोनेरी अक्षरांत 'होस्ट'. सव्वीस वर्षांनी कोणाला तरी सुचलं.
हॉल भरला, हे मान्य करावंच लागेल. दाट मुहूर्त, आमचं लॉन्स, दिवे लागलेले. लोक आहेर घेऊन आले. एक आजोबा दोनदा विचारून गेले, नवरदेवाचं गाव कोणतं. भागीबाईंनी सवयीने दारात प्रत्येकाच्या मुठीत अक्षता दिल्या. मी पाहिलं होतं. त्यात काय एवढं, असं वाटलं.
दिनेशजींनी मुकुट उचलला. लॉन्सच्या नेहमीच्या बँडवाल्यांना गर्दी दिसली, स्टेज दिसलं, मान खाली घातलेली मुलगी दिसली. त्यांनी लग्न लागल्यासारखं वाजवलं. सगळ्या हॉलने अक्षता टाकल्या. बाकीच्या तिघी किंचाळल्या. मिस लाटव्हियाने हात जोडले, मुकुटात तांदूळ घेऊन वाकून नमस्कार केला.
घड्याळ बघितलं. १२.४०.
काही वाटलं नाही. डोळ्यात तांदूळ गेला होता.
दिनेशजी म्हणाले, पुढच्या वर्षी जयपूर.

६ डिसेंबर
काल साडेपाचला नामपूरला पोचलो. सटाण्यापुढे कांद्याचे ट्रॅक्टर. माझा दोष नाही.
खळ्यावर मांडव झकास. आमच्याकडच्यापेक्षा उंच. सई-तनय फोटोला उभे होते. रांगेत लागलो. नंबर आल्यावर सईने पायाला हात लावला. फोटोग्राफर म्हणाला, काका, पटपट, मागे लोक आहेत. तिच्या केसांत अक्षता होत्या. म्हटलं, छान झालं. ती म्हणाली, "हो बाबा. सगळे म्हणाले."
श्यामला दुसऱ्या टोकाला विहिणीशी बोलत होती. मला बघितलं. बोलणं पुरं केलं.
भूक लागली होती. पंगतीत बसलो तर वाढपी माझ्यापाशी थांबला. छातीवरची सॅश वाचत राहिला. ती काढायची राहूनच गेली होती. त्याने विचारलं, कोणाकडचे?
म्हटलं, मुलीकडचा.
तो म्हणाला, मुलीकडचे सगळे मघाशीच जेवले. हॉलवाले, केटरिंगवाले पलीकडे बसतात, शेवटच्या पंगतीला.
पलीकडे जाऊन बसलो. मठ्ठा चांगला होता.