रांजणाच्या बुडातला पिंपळ

बाबूजी, आज सकाळी मी आपल्या पिंपळाची मुळं कापली. तुम्ही गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. माय रोज पाणी घालून नमस्कार करते, पण यंदा पानं वेळेआधीच पिवळी पडून गळली आणि घातलेलं पाणी वरच साचून राहू लागलं. रांजणाच्या बुडात मुळांशिवाय काही उरलंच नव्हतं. कापली नाहीत तर झाड जाणार, आणि चुकीची कापली तरी जाणार.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी राइस मिलच्या भिंतीत उगवलेली झुडपं उपटायचं काम तुमच्याकडे आलं. त्यातला वीतभर पिंपळ तेवढा तुम्हाला फेकवेना. तो तुम्ही घरी आणून फुटक्या रांजणाच्या बुडात लावलात. भिंतीत माती नव्हती म्हणून तो लहान राहिला, आपणही मोजकीच द्यायची, एवढीच तुमची विद्या. फाल्गुनात पानं झडली की तुम्ही सुपारीच्या सरोत्यानं मुळं छाटायचात आणि माय ओट्यावरून ओरडायची, "पिंपराच्या मुया कापून राहिले! कुठं फेडाल हे पाप?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "उपटाले लावलं ते मालकाचं पाप, कापतो ते माह्यं. तुह्या वाट्याले काही नाही येत. चाय मांड."

शाळेत घालण्याआधी तुम्ही मला सुपात कोंडा पसरून बोटानं अक्षरं गिरवायला शिकवलंत. तेच बोट पुढे मातीत घालायला लावलंत. झाड मरेल या भीतीनं मी सारखी लोटा घेऊन जायची. एकदा तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "काऊन ओतून राहिली? तहान झाडाले लागली का तुले?" मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. माझं बोट धरून मातीत खुपसलंत. "काय म्हणते माती?" "ओली हाय." "मंग जाय, खेळ."

आज सरोता तोच होता. जाड मुळं कापायची, केसासारखी राखायची, हे आठवत होतं. पण किती, ते तुम्ही कधी बोलला नव्हता. हात आपोआप थांबेल असं वाटलं होतं. तो थांबला नाही, मीच भिऊन थांबवला. माय आज ओरडली नाही. दार लोटून आत बसली आहे.

आता झाड सावलीत ठेवलं आहे. फांदीच्या टोकाला तांबूस कोंब दिसला तर जगलं. तोवर काहीच करायचं नाही, आणि मला नेमकं तेच येत नाही. बोट घालून पाहिलं, माती ओली आहे. पुन्हा पाहिलं. हा कागद तुम्हाला कुठे पाठवणार? खरं सांगते बाबूजी, लोटा भरून शेजारी ठेवलेला आहे, आणि तो उचलू नये म्हणून मी लिहीत बसले आहे.