दोन बुधी

१० फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

एका मताने मी सरपंच झाले, ते माझ्याविरुद्ध हरलेल्या लक्ष्मणभाऊंना पचत नाही. जव्हारच्या कोर्टात त्यांनी याचिका टाकलीय. म्हणे आमच्या पाड्यावरच्या बुधीने दोनदा मतदान केलं, तेव्हा निवडणूकच रद्द करा.

अहो, बुधवारी जन्मली की आमच्याकडे बुधीच! आडनावही अख्ख्या पाड्याचं एकच, म्हणून यादीत दोन बुधी. लक्ष्मणभाऊंची सख्खी बहीण सोमवारची म्हणून सोमी, आणि वकिलाला हे सांगायचं सुचलं नाही? की मुद्दामच?

उद्या तारीख आहे. दोघी बुधींना जीपमध्ये शेजारी बसवून नेणार. कोर्टातही शेजारीच उभ्या करणार. बघू दे साहेबांना डोळ्यांनी. मला काडीची भीती नाही.

आत्ता थोरल्या बुधीला निरोप द्यायला गेले. नाचणी पाखडत होती. म्हणाली, "येते ना. पण सांगून ठेवते, मी मत लक्ष्मणलाच दिलेलं."

मी विचारलं, "मग माझ्यासाठी कशाला येतेस, आजी?"

तिचं सूप थांबलं नाही. "तुझ्यासाठी कोण येतंय? माझं मत खोटं म्हणतो ना तो? मग बघू दे त्याला माझं तोंड."