महेशचा गोल आणि आईची वांगी

नाशिक,
११ फेब्रुवारी २००५

प्रिय सिस्टर उज्वला हिला छायाचा नमस्कार.

(पाकिटावर 'रेव्हरंड मदर' वगैरे सगळं नीट लिहिलं आहे, म्हणजे तुमच्या पोस्टमनला धाक राहील. आतमध्ये मात्र तू उजीच. शाळेत माझ्या डब्यातली पोळी खाऊन तुझा डबा तसाच घरी नेणाऱ्या मुलीला मी मदर म्हणणार नाही.)

तुझ्या दम्याचं कसं काय चाललं आहे? मडगावची दमट हवा तुला मानवणार नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. पण तुझी बदली देवाच्या इच्छेने होते आणि माझी व्हायची ती टेलिफोन खात्याच्या इच्छेने, आणि दोन्ही ठिकाणी अर्ज करून उपयोग नसतो. मी बरी आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दारावर कुणी हाक मारली की माझ्या तोंडून 'नंबर प्लीज' निघतं. दूधवाल्याला आता सवय झाली आहे. आई ऐंशीच्या पुढे गेली, पण रोज पहाटे मळ्यात बसून झेंडूच्या माळा करते आणि बाजारात जाणाऱ्या प्रत्येक पाटीवर नजर ठेवते. गोटीराम, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तसाच आहे. कांद्याचा भाव वाढला तरी कुरकुरतो आणि पडला तरी कुरकुरतो, त्यामुळे त्याच्याकडे बघून बाजाराची काही कल्पना येत नाही.

आता मुख्य विषय. गोटीरामचा महेश तुझ्याच गावात फुटबॉल खेळतो आणि नाताळात तुझ्याकडे केक खायला येतो, हे मला ठाऊक आहे. पण तो पोरगा बोलतो किती, हेही मला ठाऊक आहे. केक संपवून "थँक्यू सिस्टर" म्हणून निघून जात असेल. त्याच्यामुळे आमच्या घरात नऊ वर्षं काय चाललं आहे, याची तुला कल्पना नसणार. म्हणून पहिल्यापासून सांगते.

महेशला फादरांच्या शाळेत मीच घातलं. आमच्या वडिलांनी, दादांनी, चॅपलला गुलाब पुरवले म्हणून सिस्टरांनी मला शाळेत घेतलं होतं, त्याच ओळखीवर मी महेशचं काम करून घेतलं. (गोटीराम अजून म्हणतो की शिकायला पाठवला होता, लाथा मारायला नाही. मी त्याला सांगते की पोरगं अभ्यासात तुझ्यावर गेलं, त्याला फादर काय करणार.) तिथल्या मैदानावर फुटबॉल चाले. लहानपणी महेशचं मळ्यातलं काम एकच, वांग्यांच्या वाफ्यात शिरणारी गुरं अडवायची. तो काठी वापरत नसे. नुसता समोर जाऊन उभा राहायचा, आणि गाय विचारात पडून परत फिरायची. फादरांनी त्याला मैदानावरही तसाच उभा केला. माझ्या मते त्याचं सगळं करिअर यातच आलं, बाकीचा तपशील आहे.

शहाण्णव साली त्याला तुमच्या मडगावच्या क्लबने करारावर घेतलं. फुटबॉल खेळायचे पगार मिळतात हे गोटीरामला पटवायलाच आठवडा गेला. ज्या दिवशी महेश निघाला, त्या दिवशी आईने देव्हाऱ्यासमोर उभं राहून वणीच्या देवीला नवस बोलला. महेशने गोल केला की गडावर येऊन खणानारळाने ओटी भरीन, आणि तोपर्यंत वांगं तोंडात घालणार नाही.

उजे, हे नीट समजून घे. आमच्या मळ्यात वांगी होतात. आम्ही वांग्यांवर जगतो. नवस आईने केला, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईसमोर बसून भरली वांगी कोण खाणार? सूनबाईने, म्हणजे गोटीरामच्या बायकोने, चुलीवरून वांगं उतरवलं ते उतरवलंच. मी काही नवस बोलले नव्हते, तरी माझ्या ताटातून वांगं गेलं. रोज पहाटे डोळ्यांसमोरून काटेरी देठाची, जांभळी, तुकतुकीत वांगी पाट्या भरभरून बाजारात जातात, आणि दुपारी आम्ही दोडका खातो.

पहिलं वर्षभर मी काळजी केली नाही. वर्षात एखादा गोल कुणाच्याही हातून होईल, असं मला वाटलं. (पायातून म्हणायला हवं, पण तू समजून घे.) मग मी वर्तमानपत्रात खेळाचं पान वाचायला लागले. महेशचं नाव कुठेच नाही. गोल करणाऱ्याचं नाव असतं, गोल अडवणाऱ्या गोलकीपरचंही असतं. मी संपादकांना दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. शेवटी एका एसटीडी बूथवरून महेशलाच विचारलं, तू नक्की काय करतोस? तो म्हणाला, आत्या, मी स्टॉपर आहे, समोरचा फॉरवर्ड पुढे येतो त्याला येऊ देत नाही. मी म्हटलं, आणि मग? तो म्हणाला, मग काही नाही. पुढे बूथवाल्याचं मीटर पळायला लागलं म्हणून मी फोन ठेवला, पण ते 'मग काही नाही' माझ्या डोक्यातून जाईना. आयुष्यभर मी लोकांचे फोन जोडून दिले. माझ्या कामात काहीतरी घडायचं. याचं काम असं, की नीट झालं तर काहीच घडत नाही. अशा कामाची मला खरोखर उत्सुकता वाटायला लागली. सटाण्याकडचं एक स्थळ महेशसाठी आलं होतं, तेव्हा मुलीच्या वडिलांनीही हेच विचारलं, मुलगा करतो काय? गोटीराम म्हणाला, मागं उभा राहतो. ते स्थळ तिथेच थांबलं.

मग टीव्हीवर सामने दिसायला लागले. तिथेही तीच कथा. कॅमेरा चेंडूच्या मागे, आणि चेंडू असतो पुढे. महेश मागच्या अर्ध्या मैदानात असणार, हे मला कळतं, पण दाखवायचं कुणी? आमच्या केबलवाल्या बुधाला मी बोलावून घेतलं आणि मैदानाची ही बाजू दाखवणारं चॅनल लाव म्हणून सांगितलं. त्याने गच्चीवर जाऊन काय काय फिरवलं कोण जाणे, दोन दिवस आम्हाला फक्त गुजराती भजनं दिसली. शेवटी एवढं माझ्या लक्षात आलं, की महेश पडद्यावर दिसला की काहीतरी बिघडलेलं असतं. एक तर तो आडवा पडलेला असतो, नाहीतर त्याच्यामुळे दुसरा कुणी आडवा पडलेला असतो. आईचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी एकच. "त्याला लागलं नाय ना?" गोलाचं ती कधीच विचारायची नाही. नवस बोलून ठेवलेली बाई गोलाबद्दल इतकी थंड कशी, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एकदा त्यांची टीम मुंबईला आली, तेव्हा आम्ही जीप करून सामना बघायला गेलो. आईने द्राक्षांची पेटी बरोबर घेतली. मला वाटलं, नातवासाठी. समोरच्या टीममध्ये एक परदेशी फॉरवर्ड होता, उंच, दाराच्या चौकटीएवढा. दीड तास तो महेशच्या अंगावर धावून येत होता आणि महेश गायीला अडवावं तसा त्याच्यासमोर जाऊन उभा राहत होता. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं, आई फक्त महेशच्या पायांकडे. सामना संपल्यावर ती फाटकापाशी गेली, त्या परदेशी मुलाला थांबवलं आणि द्राक्षांची पेटी त्याच्या हातात दिली. पुढच्या खेपेला जरा दमानं, असं मराठीत सांगितलं. तो वाकून आईच्या पाया पडला. महेश बसमध्ये तोंड लपवून बसला. (त्याच्या नडगीवर महेशनेच जास्त लाथा मारल्या होत्या, असं मला नंतर कळलं. द्राक्षं त्या मुलाच्याच वाट्याची होती म्हणायची.)

आणि मग तो दिवस आला. दोन हजार साल असावं. टीव्हीवर सामना, घर भरलेलं. कॉर्नरवरून चेंडू आला, घोळक्यातून महेश उडाला, डोकं लावलं, आणि चेंडू जाळीत. उजे, घरात काय गोंधळ झाला म्हणून सांगू. गोटीरामने दिवाळीतली उरलेली फटाक्यांची माळ अंगणात लावली. सूनबाई टोपली घेऊन मळ्यात पळाली. मी स्वतः दाणे, खोबरं आणि तीळ भाजायला घेतले. माळ संपल्यावर पडद्याकडे पाहिलं, तर निळ्या कपड्यांतली दुसरी टीम एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि आमचा महेश गवतावर बसून राहिला होता. त्याने चेंडू आपल्याच जाळीत घातला होता. पेपरात त्याला 'स्वयंगोल' म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पेपरात पहिल्यांदा छापून आलं.

आता प्रश्न असा पडला, की नवस फिटला की नाही. गोटीरामचं म्हणणं, नवसात नुसता गोल म्हटलं होतं, कुठल्या बाजूला हे म्हटलं नव्हतं. देवळातल्या गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, चेंडू जाळीत गेला असेल तर देवीची काही हरकत नसावी. मीही गोटीरामच्या बाजूने होते. (मसाला वाटून झाला होता.) पण आई हलेना. परक्याच्या घरात भर घातली ती मी धरत नाय, म्हणाली, आणि ताजी तोडलेली वांगी तशीच बाजाराच्या पाटीत टाकली. मला त्या वेळी तिचा चेहरा दुःखी वाटायला हवा होता. तो नव्हता. उलट सुटल्यासारखा होता.

आता महेश एकतीस वर्षांचा आहे. गुडघा गेला आहे. या महिन्याच्या शेवटी मडगावला तुमच्याच मैदानावर त्याचा शेवटचा सामना, आणि त्यानंतर तिथेच गुडघ्याचं ऑपरेशन. एवढी वर्षं मैदानावर उभं राहून पोराच्या नावावर एक गोल, तोही उलट्या बाजूचा. खेळ सोडला की नवस कायमचा अर्धवट राहणार. या वयात आईने देवीचं देणं माथी घेऊन जायचं, ही कल्पना मला सहन होत नाही. बस, एवढंच सांगायचं होतं. तुझी औषधं वेळेवर घे. कॉन्व्हेंटमधल्या सर्वांना नमस्कार, त्या हार्मोनियम बेसूर वाजवणाऱ्या सिस्टरांनासुद्धा.

तुझी,
छाया

ता. क. एवढंच सांगायचं नव्हतं. महेशच्या क्लबच्या कोचची मुलगी तुझ्या शाळेत सातवीत आहे, असं महेश एकदा बोलून गेला होता. म्हणजे तो गृहस्थ तुला घाबरत असणार. तर तू त्याला भेटून एवढंच सांग, की शेवटच्या सामन्यात पेनल्टी मिळाली तर ती महेशला मारू द्यावी. मी नियम वाचले आहेत. पेनल्टी टीममधल्या कुणीही मारली तरी चालते, स्टॉपरने मारू नये असं कुठे म्हटलेलं नाही. म्हणजे ही वशिलेबाजी होत नाही. सिस्टरांनी आपल्याला खोटं न बोलायला शिकवलं, पण विनंती करू नका असं शिकवलेलं मला आठवत नाही.

ता. क. २ (दुसऱ्या दिवशी सकाळी). थांब. काही करू नकोस. सकाळी आईने विचारलं, रात्रभर काय लिहीत होतीस, म्हणून मी पत्र वाचून दाखवलं. पेनल्टीपर्यंत आले तशी तिने झेंडूची माळ खाली ठेवली.

"कुणी सांगितला तुला हा शहाणपणा?" म्हणाली. "पोरानं जायच्या दिवशीच मला सांगितलं व्हतं, आजी, मी गोल करायला नाय, अडवायला चाललो. म्हणून तर मी गोलाचा नवस बोलले."

मला काही कळेना. मी विचारलं, होणारच नाही अशा गोष्टीचा नवस कशाला?

"काम झालं का देवी मोकळी व्हती, बाई. मंग पोराच्या पायाकडं कोण बघंल? नऊ वर्सं तिला गुतवून ठेवली मी. आता ऑपरेशन हाय ना त्याचं? तवर तरी राहू दे तिला कामावर."

मी विचारलं, आणि वांगी? ती म्हणाली, साठ वर्षं बाजारातून परत आलेली वांगी मीच संपवली, देवीनं माझी लय सोय केली. आणि पुन्हा माळ करायला लागली. मी तिच्या सुईकडे बघत होते. नऊ वर्षं त्या पोराच्या पुढे कोण उभं होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

ता. क. ३. एक घोटाळा झाला आहे. त्या कोचला मी परवाच क्लबच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकलं आहे, इंग्रजीत, आणि तुला माहीत आहे माझं इंग्रजी किती कडक असतं. तो घाबरून महेशला पेनल्टी देईलच. तेव्हा तू सामन्याला जा. माझ्यासाठी नाही, त्या गुडघ्यासाठी जा. आणि पेनल्टी मिळालीच, तर महेशला कडेवरून ओरडून सांग, की आजीने चेंडू दांडीच्या वरून मारायला सांगितला आहे. (तू नाही ओरडलीस तरी तो तसाच मारेल, असं गोटीरामचं मत आहे.) ऑपरेशनच्या वेळी मी मडगावला येणारच आहे. तुमच्या स्वयंपाकघरात एक दिवस भरली वांगी करता येतील का, ते तेवढं विचारून ठेव. आईला कळवू नकोस. मसाला मी घेऊन येते.