कोपरा फाडलेलं कार्ड

सासूबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या हयातीत हे लिहिलं असतं तर ते तुम्हाला तुमच्या मुलानेच वाचून दाखवलं असतं, आणि ते वाचणार म्हटल्यावर मी यातलं निम्मं लिहिलंच नसतं. आता हेही नाहीत. मी अजून अमरावतीतच आहे. इथे मला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत, पण संध्याकाळी येऊन बसावं अशी ओळख फारशी कुणाशी उरलेली नाही. आधी मी हे माझ्या भाषेत, जर्मनमध्ये, लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि थांबले. त्या भाषेत तुम्हाला हाक कशी मारायची तेच मला येईना. तिकडे सासूसाठी शब्द आहे, पण त्या शब्दाने कुणी हाक मारत नाही. शिवाय ती भाषा बोलायला आता मला कुणी नाही. भाजी निवडताना कधी कधी मीच चार वाक्यं मोठ्याने बोलून बघते, अजून चालते का ते.

तुमचा मुलगा शिकायला तिकडे आला आणि परतताना मला घेऊन आला, तेव्हा तुम्ही बरेच दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मग एक दिवस सैपाकघरात बोलावलंत, माझ्या हातात पळी ठेवलीत आणि म्हणालात, "पळी." मी चुकीचं म्हटलं की पळी काढून घ्यायची, बरोबर म्हटलं की परत द्यायची. अशी मी पळी, उलथनं, परात, रवी करत करत तुमचं घर शिकले. यांना ते पसंत नव्हतं. मी शुद्ध बोलावं म्हणून यांनी अंकलिपी आणली आणि रात्री मला धडे द्यायला लागले. त्यामुळे मला अक्षरं लवकर आली, अर्थ मात्र मागाहून येत राहिले. याचा प्रत्यय एका दुपारी आला. अंजनगावहून, तुमच्या माहेरहून, कार्ड आलं होतं. घरात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी ओसरीवर उभी राहून मोठ्या ऐटीने एकेक अक्षर लावत वाचायला लागले. तुमच्या थोरल्या भावाला देवाज्ञा झाली, असं त्यात होतं. देवाची आज्ञा म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं समजून मी ते हसत हसत वाचलं. तुम्ही आतून म्हणालात, "तिथंच थांब. आत नोको आणू ते." बाहेर आलात, कार्ड माझ्या हातून घेतलंत, फाडलंत आणि न्हाणीत गेलात. मी हसले याबद्दल तुम्ही मला कधी बोल लावला नाहीत. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता एवढंच सांगितलंत, "कोपरा फाडेल दिसला का समजाचं, पोरी. वाचाचं, फाडाचं, अन् आंग धुवाचं. असं कार्ड घरात ठेवाचं नाही."

मग इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि मी परदेशी झाले. तोवर नव्हते असं नाही, पण तोवर ती आपल्या घरातली गोष्ट होती. परक्या माणसाशी लग्न केल्यामुळे तिकडच्या सरकारने आपल्या प्रजेतून माझं नाव काढून टाकलं होतं. इकडे ब्रिटिश प्रजेच्या बायकोला ब्रिटिश प्रजाच धरतात, असं यांनी कायद्याच्या पुस्तकात पाहून ठेवलं होतं, आणि त्या भरवशावर आम्ही निश्चिंत होतो. पण कचेरीतल्या कुणा हुशार माणसाने मुद्दा काढला की वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, इंग्रज नुसते कारभार बघणार. तेव्हा वऱ्हाडात जन्मलेला तुमचा प्रोफेसर मुलगा इंग्रजांची प्रजा की निजामाची, हे आधी ठरलं पाहिजे. अमरावतीने नागपूरला विचारलं, नागपूरने दिल्लीला. उत्तर येईपर्यंत मी कुणाचीच नव्हते. उत्तर येईपर्यंत मी दर सोमवारी कोतवालीत जाऊन हजेरी द्यायची, कॅमेरा जमा करायचा आणि परवान्याशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला.

पहिल्या सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर आलात. यांनी नको नको म्हटलं तरी शाल घेऊन निघालातच. कोतवालीत एक वयस्कर हवालदार होता, त्याच्या टेबलासमोर उभं राहून तुम्ही विचारलंत, "हे माही सून हाय. काई चोरी केली का तिनं?" तो बिचारा उठून उभा राहिला. म्हणाला, सरकारचा हुकूम आहे, आई, ती कुठे आहे ते आम्हाला दर आठवड्याला पाहावं लागतं. "मंग घरी येऊन पाहून जात जा," तुम्ही म्हणालात, "सैपाकघरात सापडन." त्याने तुम्हाला बसायला बाक पुसून दिला. मला तेव्हा हसू आलं होतं आणि घरी आल्यावर, का कोण जाणे, रडू आलं. परवाना म्हणजे काय ते तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्या माणसांकडे जायला सरकारला कशाला विचारायचं, हा तुमचा प्रश्न असायचा. त्याचं उत्तर मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

हळदीकुंकवाची बोलावणी कमी होत गेली. त्यात द्वेष नव्हता, हे मी आजही म्हणेन. ज्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते त्या बायका रस्त्यात दिसल्या की पदर सावरत पलीकडे वळायच्या, आणि त्यांनाच त्याची जास्त लाज वाटायची. माहेरची पत्रं बंद झाली. माझी आई आहे की नाही ते मला कळत नव्हतं आणि विचारायचं कुणाला तेही कळत नव्हतं. त्या दिवसांत माझ्याशी पूर्वीसारखं बोलणारं घरात एक माणूस होतं, ते तुम्ही. हेसुद्धा तेव्हा माझ्याशी जपून बोलायचे, जणू मी तापातून उठले आहे.

त्या हिवाळ्यात तुम्ही लेकीकडे अकोल्याला गेलात. येतो लवकर, म्हणून गेलात आणि तिथे अंथरुणाला खिळलात. निरोप आल्याबरोबर हे रजा टाकून गेले आणि मी परवान्याचा अर्ज केला. सासूबाई अत्यवस्थ आहेत, भेटायचं आहे, असं कारण लिहिलं. डेप्युटी कमिशनर साहेब दौऱ्यावर होते. कागद त्यांच्यामागे परतवाड्याला गेले, तिथून मेळघाटात कुठल्याशा मुक्कामावर. मी रोज कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे. अकोला म्हणजे बडनेऱ्याहून गाडीत बसलं की काही तासांचा रस्ता, मी त्या व्हरांड्यातून तो मनाने किती वेळा गेले असेन. मला भीती एकाच गोष्टीची वाटत होती. तुम्ही गेलात तर जाताना तुम्हाला वाटेल की मी आले नाही. येऊ दिलं नाही, हे तुम्हाला कळणार नाही. आले नाही, एवढंच कळेल.

कार्ड दुपारच्या डाकेने आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं नाही, ओसरीच्या कडेला ठेवलं आणि खाली बघत निघून गेला. कोपरा मला लांबूनच दिसला. यांचं अक्षर होतं. मी बाहेरच उभी राहून वाचलं, बारीक तुकडे केले, परसात जाऊन टाकले आणि विहिरीचं गार पाणी डोक्यावरून घेतलं. शेजारीण कुंपणाआडून बघत होती. तेव्हा बाजूला उभं राहून मला कुणी सांगितलं नव्हतं, सासूबाई. इतक्या वर्षांत मी या घरातली एक गोष्ट कुणी आठवण न देता, पहिल्याच वेळी बरोबर केली होती. तशीच ओलेती उभी असताना मला वाटलं, हे तुम्ही पाहायला हवं होतं.

मग कचेरीत गेले. हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं. पण त्याने मला समजावून सांगितलं की माझा अर्ज आजारी माणसाला भेटण्याचा होता. आता आजारी माणूस राहिलं नाही, म्हणजे कारण राहिलं नाही, म्हणजे तो अर्ज निकालात निघाला. क्रियेला जायचं तर नवा अर्ज, आणि त्याला मृत्यूचा पुरावा जोडायचा. तार असेल तर तार, चिठ्ठी असेल तर चिठ्ठी.

"कार्ड होतं," मी म्हटलं. "फाडून टाकलं."

"काहून फाडलं, बाई?"

"कोपरा फाडलेलं होतं."

त्याने हातातला टाक दौतीत परत ठेवला. "बरोबर केलं तुमी," तो म्हणाला. "कोनीबी तेच करन. पन साहेबाले काय दाखवू मी?"

मी अकोल्याला कळवलं. हे क्रियेला बसलेले, म्हणून दुसरं कार्ड तुमच्या जावयांनी लिहिलं. त्यावर कचेरीचं म्हणणं पडलं की कुणीही कुणाचंही कार्ड लिहील, म्युनिसिपालिटीचा दाखला आणा. दाखला आला तोवर साहेबांचा मुक्काम आणखी आत हलला होता. इकडे मी तुमचं सुतक एकटी धरून बसले होते. अशा घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, हे मी तुमच्याबरोबर किती घरी नेऊन शिकले होते. आपल्या दारी कुणी आलं नाही. मला वाटतं त्यांना प्रश्न पडला असेल की या बाईला सुतक असतं का, आणि विचारावं तर कसं. मी कच्चे शेंगदाणे आणि गूळ खाल्ला, चटईवर झोपले, कुणाला शिवले नाही. तसं शिवून घ्यायला कुणी जवळ येतच नव्हतं, त्यामुळे ते अवघड गेलं नाही.

त्यात सोमवार आला. कोतवालीत मी दारातच थांबले, पुढे जाऊन टाक कसा घ्यावा ते कळेना. हवालदाराने माझे मोकळे केस पाहिले, सुतकात कुंकू न लावलेलं कपाळ पाहिलं. "आई गेल्या का?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने वही टेबलाच्या या कडेला सरकवली, टाक तिच्यावर ठेवला आणि स्वतः उठून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "घ्या आता," तो म्हणाला. माझी सही होईपर्यंत तो तिथेच हात मागे बांधून उभा होता. त्या सगळ्या दिवसांत मला तुमची सून समजून कुणी दूर उभं राहिलं असेल तर तो एकटाच. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेही चाललं नसतं.

परवाना आला तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. अकोल्याला उतरल्यावर आधी तिथल्या ठाण्यात हजेरी द्यायची, मग घरी जायचं, असं त्यावर लिहिलेलं होतं. मी तसं केलं. घर धुऊनपुसून स्वच्छ झालेलं, तुमची खाट उभी करून ठेवलेली, हे डोक्याचा गोटा करून अंगणात बसलेले. हे "आलीस?" एवढंच म्हणाले. पुरुषांची जेवणं झाल्यावर मी आणि तुमची लेक सैपाकघरात पानं घेऊन बसलो. मी धीर करून तिला विचारलं, "आई काही म्हणाल्या का? मी का आले नाही, असं?"

तिने हातातला घास खाली ठेवला. "तू काहून नाही आली, असं तिनं इचारलंच नाही, वहिनी," ती म्हणाली. "शेवटी तिनं मले ओळखलंच नाही. मलेच सूनबाई म्हने. मी म्हने, आई, मी लेक हावो तुही. तर रडे, म्हने, सूनबाईले पाठवा. पानी पेत नव्हती कोनाच्या हातचं."

"मग?"

"मंग काय करतो. मी बाहेर गेली, पदर घेतला, अन् आत येऊन तुह्यासारखी बोलली. तवा प्याली." तिने डोळ्यांना पदर लावला. "दोन दिवस तशीच बोलून राहिली मी. मले लेक म्हनून हाक नाही मारली तिनं जाताना."

जे तिला मिळायला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी तिथे नव्हते. मी तिला म्हटलं, "कशी बोललीस? मला एकदा बोलून दाखव." ती आधी नको म्हणाली, ओशाळली. मग नाक पुसलं, पदर डोक्यावर घेतला, मान थोडी तिरकी केली आणि एकेक शब्द जड उचलून ठेवावा तशी म्हणाली, "आई, थोडा पाणी प्या. मी इथे आहे. मी कुठे नाही जाणार."

मग मी रडले. बाहेर यांनी ऐकलं, जावयांनी ऐकलं, सगळ्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडते आहे, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून आज लिहिते. इतकी वर्षं चुलीजवळ बसून मी तुमच्याशी अशी बोलत होते, आणि मला वाटत होतं की मी हुबेहूब तुमच्यासारखी बोलते. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही.