भटूचं बोट

८ डिसेंबर १९९६, रविवार
आजपासून सुरुवात. पांडेसऱ्याच्या आमच्या डाईंग मिलमध्ये रंग अजूनही मगाने मोजून ओततात. छगनभाई शेठना म्हटलं, मी बटणांचं यंत्र करतो. ऑपरेटरने आकडा दाबायचा, पंप तेवढेच सेकंद रंग सोडेल. सोळा बटणं, आठ वायरी, एक मायक्रोकंट्रोलर. शेठ म्हणाले, श्रीरंगभाई, करो! बायको रजनी म्हणाली, आधी घरची बेल दुरुस्त करा. संसारी माणसाला विज्ञान कळत नाही.

१५ डिसेंबर
चाललं! 'चार' दाबलं की दिवा लागतो. पुस्तकात लिहिलंय, बटण दाबताना आतला पत्रा थरथरतो, म्हणून क्षणभर थांबून पुन्हा वाचावं. हे मंद लोकांसाठी. माझा प्रोग्राम वेगवान आहे, तो थांबत नाही. आकडा दाखवायला डिस्प्लेही नाही लावला. मशीनला कळलं की झालं.

२१ डिसेंबर, शनिवार
फिक्या जांभळ्या साड्यांचा लॉट होता. ऑपरेटर भटूने माझ्यासमोर 'चार' दाबलं. पंप थांबेचना. माल निघाला तो करपलेल्या वांग्याच्या सालीसारखा, जवळजवळ काळाच. शेठ ओरडले, "आ शुं कर्युं?"
मी म्हणालो, भटूचं बोट जड आहे. यंत्र नाजूक, बोट आधी लूमवर राबलेलं.
भटू म्हणत राहिला, "मी एकदावच दाबं, साहेब." शेठनी त्याला ओल्या कापडाची ट्रॉली ढकलायच्या कामावर टाकलं. तेवढ्यापुरतंच असेल.

२२ डिसेंबर
यंत्र घरी आणून रजनीसमोरच तपासलं. मी 'चार' दाबलं, यंत्राने चव्वेचाळीस वाचलं. पुन्हा दाबलं, पुन्हा चव्वेचाळीस. माझं बोट तर अगदी हलकं आहे. थांबून वाचायची ओळ प्रोग्राममध्ये घातली, सगळं सुरळीत. उद्या शेठना सगळं सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२३ डिसेंबर
शेठचा मूड वाईट. अशा वेळी सांगू नये.

२४ डिसेंबर
शेठचा मूड चांगला. अशा वेळी कशाला बिघडवा?
दुरुस्त यंत्र गुपचूप बसवलं. दुपारी भटू ट्रॉली ढकलताना दिसला. मी मागच्या दाराने चहाला गेलो.

५ जानेवारी १९९७
आश्चर्य! तो लॉट संपला. कापड बाजारात कुणी हात लावेना, पण डिंडोली-नवागामच्या मराठी वस्तीतल्या बायकांनी संक्रांतीला काळी साडी म्हणून झुंबड करून नेला. रजनीनेही एक आणली. हे मार्केट माझ्या मनात आधीपासून होतंच, असं शेठना सुचवून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

९ जानेवारी
शेठना संक्रांतीआधी तोच रंग पुन्हा हवा. सगळ्यांसमोर म्हणाले, "भटूनी आंगळी जोईए!" म्हणजे भटूचंच बोट हवं.
भटूला ट्रॉलीवरून आणला. त्याने हात पुसले, देवाचं नाव घेतलं, सगळा जोर लावून 'चार' दाबलं. पंप लगेच थांबला. माल निघाला फिका जांभळा, अगदी सुंदर.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, बोट आता सुधारलंय वाटतं.
शेठ हसले, भटूला परत मशीनवरच राहू दे म्हणाले. भटू मात्र आपल्या बोटाकडे बघत राहिला. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

१४ जानेवारी, संक्रांत
गच्च्यांवर सकाळपासून पतंगांचा धिंगाणा. घरी रजनीचं हळदीकुंकू. निम्म्या बायका त्याच लॉटच्या साड्यांत. माझी चूक माझ्याच घरात वाण लुटत होती. मी स्वयंपाकघरात बसून राहिलो.
संध्याकाळी भटू आणि त्याची बायको उषाबाई आली. तिच्याही अंगावर तीच साडी. म्हणाली, साहेब, हे आता परत मशीनवर शेतस, तुमचे लई उपकार. रोज रातले मी त्यासना बोटले गरम तेल चोळस.
भटूने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाला. मग तेच बोट पुढे करून हळूच विचारलं, "साहेब, आते मनं बोट बरं शे ना?"
रजनी दारात उभी होती. तिला बहुतेक सगळं कळलं.
तिळगूळ तोंडात होता. मी नुसती मान डोलावली. उद्या शेठना सांगणार, असं इथे लिहायलाही हात धजत नाही.